वाचकांचे प्रश्न : चाचणी कधी, कशाची, कुणाकडे?

प्रश्न : वय २४. माझे पुरुषांशी संबंध आहेत, घरी कुणाला माहीत नाही. दोन आठवड्यांपूर्वी कंडोम फाटला. खोबरेल तेल लावलं होतं. लगेच दुसऱ्या दिवशी सरकारी केंद्रात एचआयव्ही चाचणी केली, निगेटिव्ह आली. आता चिंता नाही ना? (सातारा जिल्हा)

उत्तर : दुसऱ्या दिवशीची चाचणी फक्त एवढंच सांगते, की साधारण तीन महिन्यांपूर्वीपर्यंत तुम्हाला लागण झालेली नव्हती. त्या रात्रीबद्दल ती काहीच सांगत नाही. सरकारी केंद्रात बोटातून किंवा शिरेतून रक्त घेऊन पट्टीवर जी चाचणी होते, ती विषाणू शोधत नाही, त्याविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं शोधते. ती तयार व्हायला आठवडे लागतात. प्रयोगशाळेतली ‘चौथ्या पिढीची’ चाचणी ४५ दिवसांनंतर भरवशाची धरतात, पट्टीवरची तीन महिन्यांनंतर. तोवर कंडोम वापरा, रक्तदान करू नका. मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं की आपोआप तपासून होईल, असा विचार काही जण करतात. तो धोकादायक आहे, कारण नव्या लागणीच्या पहिल्या काही दिवसांत तिथल्या चाचण्यांतूनही विषाणू निसटू शकतो आणि ते रक्त कुणाला तरी चढतं. तीन महिन्यांच्या चाचणीसोबत सिफिलिससाठी व्हीडीआरएलही करून घ्या.

आता तेलाचं. खोबरेल, व्हॅसलिन, बॉडी लोशन यांतलं तेल कंडोमच्या लेटेक्स रबराला काही मिनिटांत कमजोर करतं आणि घर्षणात कंडोम फाटतो. ‘वॉटर-बेस्ड’ लिहिलेलं ल्यूब (वंगण) घ्या, औषधांच्या दुकानात मिळतं. सुकलं तर आणखी लावा. थुंकी लगेच सुकते. दोन कंडोम एकावर एक चढवू नका, एकमेकांवर घासून दोन्ही फाटतात.

पुन्हा असं झालं तर मात्र वाट बघू नका. ७२ तासांच्या आत पीईपीच्या, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या, गोळ्या सुरू करता येतात आणि २८ दिवस रोज घ्याव्या लागतात. जितकं लवकर तितकं बरं. शक्यतो काही तासांतच. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या अपघात विभागात जाऊन एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्राबद्दल विचारा. ‘हे सुई टोचलेल्या नर्ससाठी असतं’ असं सांगून परत पाठवलं, तर वाद घालत तास घालवू नका, चिठ्ठी देणाऱ्या खासगी डॉक्टरकडे जा. मळमळ होते म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या सोडल्या की सगळंच वाया. जोखीम वारंवार येत असेल तर संबंधाआधीच घ्यायच्या प्रेप या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. सुरू करण्याआधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि (मूत्रपिंडासाठी) क्रिएटिनिन तपासतात.

गावातल्याच केंद्रात जायला हवं असं नाही, शेजारच्या जिल्ह्यात गेलात तरी चालतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमची संमती घेणं आणि माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. जवळचं केंद्र १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतं. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून याच समुदायात काम करतो.

प्रश्न : शौचाच्या जागी दुखतं, थोडा स्राव येतो. लघवीची तपासणी स्वच्छ आली. एका डॉक्टरांनी मूळव्याधीचं मलम दिलं. (ठाणे)

उत्तर : लघवीच्या तपासणीत मूत्रमार्गातला गनोरिया किंवा क्लॅमिडिया हा लैंगिक संसर्ग सापडू शकतो, गुदद्वारातला आणि घशातला नाही. तिथला नमुना कापसाच्या काडीनं वेगळा घ्यावा लागतो. डॉक्टरांना संबंध कसा आला हे कळलंच नाही, तर ते मूळव्याधच समजणार, त्यात त्यांचा फार दोष नाही. ‘मला गुदमैथुनानंतर त्रास सुरू झाला, तिथला स्वॅब घ्या’ एवढं एक वाक्य पुरे. सरकारी रुग्णालयातल्या लैंगिक आजारांच्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये हे ऐकायची सवय असते. मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक घेऊ नका: अर्धवट डोसनं लक्षणं दबतात, जंतू राहतात. जोडीदारावरही उपचार झाले नाहीत, तर दोघांमध्ये तो फिरत राहतो. आणि ‘भगंदर, मूळव्याध गॅरंटी’ अशा पाट्यांच्या दवाखान्यात क्षारसूत्र (औषधी दोरा) लावून घेण्याआधी हा स्वॅब नक्की करा.

प्रश्न : मी ट्रान्स पुरुष, जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे पाळी थांबली आहे. गर्भनिरोधकाची गरज आहे का? (पुणे)

उत्तर : गर्भाशय आणि बीजांडकोष असतील आणि जोडीदाराच्या वीर्यात शुक्रजंतू असतील, तर आहे. पाळी थांबली तरी बीज सुटू शकतं, आणि टेस्टोस्टेरॉन गर्भाला घातक आहे. कॉपर-टी किंवा दर तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन चालतं. दोन्हींत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक नाही. अंतरा सरकारी केंद्रांत मोफत मिळतं. गर्भाशयमुख असेल तर त्याच्या कर्करोगासाठीची तपासणी (पॅप स्मियर) ही चुकवू नका. टेस्टोस्टेरॉननं तिथली त्वचा पातळ होते, म्हणून तपासणीसाठी लहान स्पेक्युलम (योनीमार्ग उघडायचं साधन) आणि जास्त ल्यूब मागा. पॅप स्मियरच्या फॉर्मवर टेस्टोस्टेरॉन सुरू असल्याचं लिहायला सांगा, नाहीतर ‘नमुना अपुरा’ असा शेरा आल्यावर कारण कुणालाच कळत नाही.