वडिलांच्या झोपेच्या आणि नैराश्याच्या गोळ्या घरीच कमी कराव्यात का?

तुम्ही लिहिलंय, वडील ७४ वर्षांचे, सहा वर्षं झोपेची क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ आणि नैराश्याची एस्सिटालोप्राम १० मिग्रॅ चालू, रात्री लघवीला उठताना तोल जातो, आणि मेडिकलवाला म्हणतो "आठवडाभर अर्धी द्या, मग बंद करा". त्याचं ऐकू नका. गोळ्या कमी करायचा तुमचा विचार मात्र बरोबर आहे.

मी डॉक्टर नाही. सोलापुरात राहतो, आईच्या बाबतीत यातून गेलोय. बाबा गेल्यावर तिला एक गोळी सुरू झाली, दोन्ही औषधं त्या एकातच. पाच वर्षं चालली. शेजारच्या बायका म्हणायच्या, "सवय लागती गं, सोड ती." एका वर्षी गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत तिनं कुणाला न सांगता खरंच सोडली. चौथ्या दिवशी झोप गायब, हाताला कंप, छातीत धडधड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके. आम्हाला वाटलं, जुनं दुखणं उलटलं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, हा गोळी तुटल्याचा त्रास. तो काही दिवसांतच सुरू होतो आणि गोळी परत दिली की लवकर उतरतो; मूळ आजार डोकं वर काढायला सहसा आठवडे, महिने लागतात. क्लोनाझेपाम अचानक थांबवलं तर फिटसुद्धा येऊ शकते.

त्यांनी आधी ती जोडगोळी बंद करून दोन वेगळ्या गोळ्या लिहून दिल्या. दोन्ही एकाच वेळी कमी केल्या तर त्रास कशाचा ते कळतच नाही. एस्सिटालोप्राम तसंच ठेवून आधी क्लोनाझेपामला हात घातला, कारण म्हाताऱ्या माणसाचा तोल आणि आठवण जास्त बिघडवते ती ही. पाव-पाव कमी, प्रत्येक पायरीला महिना. शेवटी मी चिडायचो, एवढीशी तर राहिली, टाका काढून! पण ०.५ वरून ०.३७५ म्हणजे पावच कमी झाली, ०.२५ वरून ०.१२५ म्हणजे निम्मी. त्या पायरीवर आईला पुन्हा घाबरल्यासारखं झालं, तिथं दोन महिने थांबलो. एकूण आठेक महिने गेले. रोजची झोप, चक्कर, जेवण मी कालनिर्णयच्या चौकटीत लिहायचो. डॉक्टर आधी तेच बघायचे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा नवी पायरी घेतलीच नाही.

एस्सिटालोप्राम तिचं अजून चालू आहे. मी आग्रह धरला नाही.

तुमच्या वडिलांचं आधी रक्तातलं सोडियम तपासून घ्या, आणि बीपी बसून व उभं राहून मोजा. एस्सिटालोप्राममुळे वयस्कर माणसाचं सोडियम उतरू शकतं, बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर जास्तच. तोल त्यानंही जात असेल. मध्येच ते फार गप्प झाले, जगून काय करू असं बोलू लागले, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका; त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्रीही मराठीत बोलता येतं.

आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या. आम्ही आईची अॅसिडिटीची ओमेप्राझोल सांगायला विसरलो होतो. तिच्यामुळे एस्सिटालोप्रामचं रक्तातलं प्रमाण वाढतं, हे तिसऱ्या भेटीत कळलं.