सेकंडहँड गाडीचे बाहेरून बसवलेले फॉग लाइट नीट पेटत नाहीत, दोष कुठे शोधायचा?

भाऊ, तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं. चाळीसगावची सेकंडहँड बोलेरो, फॉग लाइट आधीच्या मालकाने बाहेरून बसवलेले. डावा मिणमिणतो, उजवा कन्नड घाट चढेपर्यंत बंद पडतो, डॅशवरचा स्विच हाताला गरम लागतो. फ्यूज अधूनमधून उडतो. दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. दोन्ही बल्ब नवे टाकून झाले, आणि होल्डर काढून मीटर लावला तर १२ व्होल्ट बरोबर दाखवतो. वर कोणीतरी ३० अँपिअरचा फ्यूज टाकायला सांगितलंय.

तो ३० चा फ्यूज टाकू नका, आणि टाकला असेल तर आजच काढा. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर नऊ-साडेनऊ अँपिअर. त्याला १५ चा फ्यूज पुरतो. बारीक वायरीवर ३० चा फ्यूज बसवला तर शॉर्ट झाल्यावर फ्यूजच्या आधी वायर पेटते, आणि ती वायर बॉनेटखाली डिझेलच्या नळ्यांशेजारून गेलेली असते. फ्यूज उडतोय म्हणजे वायर कुठेतरी पत्र्याला लागतेय. ग्रिलमागे जिथे वायर पत्र्याच्या भोकातून काढलीय तिथे रबराचं ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रिंग, आहे का बघा. नसेल तर इन्सुलेशन घासून तांबं उघडं पडलेलं असतं आणि खड्ड्यात गाडी आदळली की ते बॉडीला टेकतं. फ्यूज नेमका खराब रस्त्यावरच उडत असेल तर दुसरीकडे शोधायची गरज नाही.

आता त्या १२ व्होल्टबद्दल. होल्डर काढल्यावर वायरीतून करंट वाहतच नाही, म्हणून गंजलेल्या जॉइंटच्या पलीकडेही पूर्ण व्होल्ट दिसतात. मळ्यातल्या पाइपात गाळ साचला तरी कॉक बंद असताना गेज पूर्ण प्रेशर दाखवतो, कॉक उघडला की धार बारीक येते, तसंच हे. म्हणून मोजायचं ते दिवा पेटलेला असताना.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, फॉग लाइट चालू करा. होल्डर जागेवरच राहू द्या, मागून वायरीशेजारून मीटरचं टोक आत सरकवा. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं दिव्याच्या प्लस वायरीवर: अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक, त्यापेक्षा जास्त म्हणजे वाटेत कुठेतरी करंट अडतोय. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं दिव्याच्या अर्थ वायरीवर (दिव्याची मायनसकडची, बॉडीला जोडलेली वायर): इथे ०.२ व्होल्टच्या आत हवं. डाव्या दिव्याला इथेच दीड-दोन व्होल्ट सापडतील असा माझा अंदाज आहे. हे थोडं वाटतं, पण हॅलोजनला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले तरी उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. मीटर नसेल तर दिव्याच्या अर्थपासून थेट बॅटरीच्या मायनसला एक तात्पुरती जाड वायर लावून बघा. उजेड लगेच वाढला तर अर्थच खराब.

माझं काम गाड्यांच्या वायरिंगचंच आहे, जळगावात. बाहेरून बसवलेल्या दिव्यांत बल्बपेक्षा अर्थ आणि जॉइंट यांचेच दोष जास्त निघतात. अर्थची वायर बंपरच्या रंगवलेल्या पट्टीवर बोल्टखाली दाबलेली असते. रंगातून करंट जात नाही, बोल्टच्या आट्यांतून जेमतेम जातो, आणि एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो. जॉइंटचीही तीच गत. वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ वर गेला की पट्टीचा डिंक वितळतो, पट्टी सैल होते आणि पावसाळ्यात आत पाणी शिरतं. अशी पट्टी सोडवली की बोटांना काळा चिकट डिंक लागतो आणि आत तांबं हिरवं-काळं झालेलं दिसतं. काळेपणा इन्सुलेशनच्या आत बराच पुढपर्यंत गेलेला असतो, म्हणून चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापत जायची. तुमचा उजवा दिवा थोड्या वेळाने बंद पडतो तोही असाच, गरम झाल्यावर सुटणारा जॉइंट असणार.

स्विच गरम होतो म्हणजे मध्ये रिले नाही, सगळा करंट स्विचमधूनच जातोय. रिले म्हणजे स्विचच्या थोड्याशा करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: दोष सापडला तरी जुन्या वायरिंगला ठिगळं लावू नका. ते सगळं उपसून काढा आणि नवीन ओढा. खर्च फार नाही. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर १५ चा फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन, ८७ वरून दिवे. ८५ अर्थला, ८६ स्विचकडून. पाच पिनांचा रिले मिळाला तर ८७ए ला हात लावू नका, त्यावर वायर जोडली तर स्विच बंद असताना दिवे पेटतात. बॅटरी ते रिले आणि पुढे दिव्यांच्या फाट्यापर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची वायर, फाट्यापासून प्रत्येक दिव्याला १.५ ची. अर्थ प्रत्येक दिव्याला वेगळी: पॉलिश पेपरने पत्रा पांढरा होईपर्यंत घासा, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) दाबून बोल्ट आवळा, वर ग्रीस. जॉइंटवर हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी. स्विचला करंट पार्किंग लाइटच्या लाइनवरून द्या, म्हणजे गाडीचे दिवे बंद केले की फॉगही बंद.

बॅटरी उतरण्याचं कारण मात्र फॉग लाइटच असेल असं धरून चालू नका. सगळं बंद करा, बॅटरीची मायनस काढा, मीटर १० अँपिअरवर लावून मायनस आणि तिच्या केबलच्या मध्ये जोडा. अर्ध्या तासाने आकडा बघा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडला तो दोषी. जुन्या मालकाचा टेप किंवा विसरलेला जीपीएस डबाही निघू शकतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटर जळेल.

एलईडी टाकायचे असतील तर वायरिंग झाल्यावरच टाका, आणि छपरावरचा बार नको. दिवे हेडलाइटच्या खाली आणि तोंड जरा जमिनीकडे हवं. वरून उजेड टाकला तर धुकं पांढरं होऊन आपल्यालाच दिसत नाही, आणि समोरच्याचे डोळे दिपतात. डिसेंबर-जानेवारीत तापीकाठच्या रावेर-यावलच्या रस्त्यांवर पहाटे केळीच्या आणि कापसाच्या ट्रॉल्या रिफ्लेक्टरशिवाय चाललेल्या असतात. त्या वेळेवर दिसायला कडेपर्यंत पसरलेला खालचा उजेडच लागतो.

पेटलेल्या अवस्थेतले प्लसचे आणि अर्थचे आकडे, दोन्ही दिव्यांचे वेगवेगळे, मोजून इथे टाका. ते बघून डाव्याचा नेमका कुठला भाग उघडायचा ते सांगतो.