स्कीन्सला आत्ता ट्रेड करावं का? आधी धावा मोजू, मग प्रॉस्पेक्टची नावं घेऊ

मूळ प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधला पिट्सबर्ग पायरेट्स हा संघ 2025 मध्ये 71 विजय, 91 पराभवांवर संपला. त्यांचा पिचर (चेंडू टाकणारा) पॉल स्कीन्सने वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, तरी त्याच्या नावावर 10 विजय आणि 10 पराभव. संघ 2015 नंतर प्लेऑफमध्ये गेलेला नाही. स्कीन्सचा भाव आत्ता सर्वांत चढा आहे आणि पिचरच्या कोपराचा भरवसा नसतो. मग त्याला आत्ताच दुसऱ्या संघाला देऊन (ट्रेड करून) चार-पाच तरुण, होतकरू हिटर म्हणजे फलंदाज का घेऊ नयेत? अशा होतकरूंना प्रॉस्पेक्ट म्हणतात.

माझं मत: आत्ता देऊ नये. "कधीच देऊ नये" हेही मला पटत नाही. 2027 चा हंगाम संपला की हा प्रश्न पुन्हा गंभीरपणे घ्यावा. का, ते सविस्तर लिहितो.

10–10 हा आकडा आधी बाजूला ठेवा. पिचरच्या विजयात त्याच्या संघाने किती धावा केल्या याचा वाटा फार मोठा असतो. त्याने स्वतः किती धावा वाचवल्या ते बघा. 2025 मध्ये स्कीन्सने 187.2 इनिंग टाकल्या (एका इनिंगमध्ये 3 आउट; पॉइंटनंतरचा 2 म्हणजे पुढच्या इनिंगमधले 2 आउट, दशांश नव्हे) आणि 41 अर्न्ड रन, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या चुकीशिवाय गेलेल्या धावा, दिले. 41 ला 9 ने गुणून 187.67 ने भागलं की 1.97 हा ईआरए, म्हणजे दर 9 इनिंगमागे दिलेल्या अर्न्ड रन, येतो. तेवढ्याच इनिंग 4.20 ईआरएच्या साधारण स्टार्टरने (सामना सुरू करणाऱ्या पिचरने) टाकल्या असत्या तर 87-88 धावा गेल्या असत्या. फरक 46 धावांचा. हंगामभरात साधारण 10 धावा म्हणजे एक विजय असा ठोकताळा आहे, म्हणजे सरासरी पिचरपेक्षा तो साडेचार विजय जास्त देतो. पण तो गेल्यावर त्या 32 सामन्यांत सरासरी पिचर आपोआप येऊन उभा राहत नाही. ट्रिपल-ए, म्हणजे मुख्य लीगच्या लगेच खालच्या पायरीवरून जो वर येईल त्याचा ईआरए 5 च्या पुढे धरावा लागतो, आणि मग फरक साडेसहा विजयांवर जातो.

आता दुसरी बाजू. 2025 मध्ये पायरेट्स खेळतात त्या नॅशनल लीगमधलं शेवटचं वाइल्ड कार्ड, म्हणजे प्लेऑफची शेवटची जागा, 83 विजयांवर मिळालं. पायरेट्स 12 विजय मागे होते, म्हणजे अंदाजे 120 धावा. त्यांनी वर्षभरात 583 धावा केल्या, सगळ्या 30 संघांत सर्वांत कमी. होमरनही सर्वांत कमी, 117. त्यात 120 मिळवल्या तर होतात 703. त्या वर्षी संघांची सरासरी 720 च्या आसपास होती. म्हणजे स्कीन्सला ठेवून प्लेऑफच्या शर्यतीत यायचं तर फलंदाजी नुसती सरासरीच्या जवळ आणायची आहे. त्याला दिलंत की त्या 120 वर आणखी 50 ते 65 धावा चढतात, आणि मग लीगमधल्या चांगल्या फलंदाजीच्या संघांइतक्या धावा कराव्या लागतात. ट्रेडमध्ये आलेले तीनही हिटर एकदम चालले तरच हे जमतं. तिघेही चालणं फार क्वचित होतं.

पगाराचा मुद्दा इथे निर्णायक आहे आणि चर्चेत तो नीट आलेलाच नाही. स्कीन्स 11 मे 2024 ला पदार्पण करून वर आला, म्हणजे पूर्ण वर्ष धरलं जायला लागणारे सर्व्हिसचे (मुख्य लीगमधल्या संघात असल्याचे) 172 दिवस त्या वर्षी भरले नव्हते. पण रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा खेळाडू) ठरल्यामुळे नियमाप्रमाणे त्याला पूर्ण वर्ष मिळालं. म्हणून तो 2029 संपल्यावर फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा, होईल, 2030 नंतर नाही. 2025 मध्ये त्याचा पगार 8 लाख 75 हजार डॉलर होता. आर्बिट्रेशन (पगारावर एकमत झालं नाही तर लवादाने तो ठरवणं) लागू होण्याआधीच्या खेळाडूंसाठी 5 कोटी डॉलरचा जो बोनस निधी आहे, त्यातून त्याला वरून मोठी रक्कम मिळाली, पण तो पैसा सगळ्या संघांच्या सामाईक निधीतला, एकट्या पायरेट्सच्या खिशातून जात नाही. 2026 हे असंच शेवटचं स्वस्त वर्ष. 2027, 2028 आणि 2029 ही आर्बिट्रेशनची तीन वर्षं, तेव्हा पगार दरवर्षी उडी घेईल. ज्या मालकाचा हात आखडता आहे, त्याच्यासाठी 2026 चा स्कीन्स ही संपूर्ण बेसबॉलमधली सर्वांत फायद्याची नोंद आहे. ती पहिल्यांदा विकायची की शेवटी?

यावर लगेच उत्तर येतं की फ्री एजंट होईपर्यंत उरलेली वर्षं जास्त, म्हणूनच भाव जास्त. दिशा बरोबर आहे, पण भाव वर्षांच्या प्रमाणात वाढत नाही. जवळची उदाहरणं बघा. डिसेंबर 2016 मध्ये व्हाइट सॉक्सनी क्रिस सेल बॉस्टनला दिला तेव्हा तीन वर्षं उरली होती. योआन मोंकाडा, मायकल कोपेक आणि आणखी दोघे आले. डिसेंबर 2024 मध्ये त्याच दोन संघांत गॅरेट क्रोशेचा सौदा झाला, तेव्हा दोन वर्षं उरली होती. काइल टील, ब्रेडन मॉन्टगोमेरी, चेस मायड्रॉथ आणि विकेलमन गोन्सालेस असे चौघे आले. आणि क्रोशेची तोवर टॉमी जॉन (कोपराचा अस्थिबंध दुरुस्त करणारी) शस्त्रक्रिया झालेली होती, 2024 मध्ये त्याने जेमतेम 146 इनिंग टाकल्या होत्या. फेब्रुवारी 2024 मध्ये मिलवॉकीने कॉर्बिन बर्न्स बाल्टिमोरला दिला, तेव्हा एकच वर्ष उरलं होतं. तरी जोई ऑर्टिझ, डीएल हॉल आणि 34 व्या क्रमांकाचा ड्राफ्ट पिक (नव्या खेळाडूंच्या निवडीतला हक्क) आला.

तीन वर्षांवरून दोनवर येताना भाव फारसा पडत नाही. दोनवरून एकवर येताना धाडकन पडतो. कारण विकत घेणाऱ्याला दोन हंगाम मिळाले की पहिल्यात काही बिनसलं तरी दुसरी संधी असते, शिवाय कराराची बोलणी करायला वेळ मिळतो. बॉस्टनने क्रोशेशी 6 वर्षांचा 17 कोटी डॉलरचा करार अशाच मुदतीत केला. चार वर्षं उरलेल्या पिचरसाठी कोणताही व्यवस्थापक दुप्पट माल देत नाही, कारण चार वर्षं त्याचं कोपर टिकेल यावर त्याचाही विश्वास नसतो. म्हणजे 2026 आणि 2027 ही दोन वर्षं स्वतः वापरून घेतली तरी विकताना फार तोटा नाही. विक्रीच्या भावाच्या हिशेबात ही दोन वर्षं पायरेट्सच्या पदरात जवळजवळ फुकट पडतात.

कोपराची भीती खोटी नाही. बर्न्सने ॲरिझोनाशी 21 कोटींचा करार केला आणि जून 2025 मध्ये त्याची टॉमी जॉन झाली. पायरेट्सच्याच जॅरेड जोन्सची 2025 मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली. स्कीन्स वेगवान चेंडू सरासरी ताशी 98 मैलांच्या आसपास फेकतो, त्यामुळे धोका आहेच. पण टॉमी जॉनचा अर्थ साधारण 12 ते 18 महिने बाहेर. चार वर्षं हातात असताना हे झालं तर अडीच-तीन वर्षं उरतात. एकच वर्ष उरलेलं असताना झालं तर सगळंच जातं. तेव्हा कोपराची काळजी हे 2029 पर्यंत वाट न पाहण्याचं कारण आहे, आज विकण्याचं नाही.

पिट्सबर्गच्या चाहत्यांनी दोन जुने सौदे पुन्हा एकदा नीट बघावेत. जानेवारी 2018 मध्ये गेरिट कोल ह्यूस्टनला गेला, दोन वर्षं उरलेली असताना. वेळ योग्य होती, मागणी चुकली. कोलचा 2017 चा ईआरए 4.26 होता, म्हणजे भाव पडलेला असताना विकला. आणि बदल्यात जो मसग्रोव्ह, कॉलिन मोरान, मायकल फेलिझ, जेसन मार्टिन असे लगेच खेळवता येतील पण फार वर जाणार नाहीत असे खेळाडू घेतले. चौघांत उरला तो मसग्रोव्ह, आणि तोही 2021 मध्ये सॅन डिएगोला दिला. ह्यूस्टनने कोलचा सिंकर (खाली पडणारा वेगवान चेंडू) कमी केला, वरच्या भागात टाकलेला फोर-सीम (सरळ वेगवान चेंडू) आणि ब्रेकिंग बॉल (वळणारा चेंडू) वाढवले. 2019 मध्ये त्याने 326 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले हिटर) घेतले. त्याच्या हातात काय दडलंय हे विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला जास्त कळलं होतं. मग 31 जुलै 2018 ला उलटा सौदा झाला, या वेळी टँपा बेशी: पिचर क्रिस आर्चरसाठी टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि नंतर नाव जाहीर झालेला शेन बाझ. मेडोजने पुढच्याच वर्षी टँपा बेसाठी 33 होमरन मारले. आर्चरचा 2019 चा ईआरए 5.19. हे दोन्ही सौदे करणारं व्यवस्थापन आता नाही, जनरल मॅनेजर म्हणून बेन चेरिंग्टन 2019 च्या अखेरीस आले. पण त्यातून एक सावधगिरी घेता येते: स्वतःच्या पिचरला आपण पूर्ण ओळखतो की नाही, हे विकण्याआधी तपासावं.

काही जणांनी आयपीएलच्या अंगाने मुद्दा मांडलाय: हार्दिक पांड्या जसा 2023 मध्ये रोख रकमेवर गुजरातहून मुंबईला गेला, तसं मोठी रक्कम घेऊन मोकळं का होऊ नये? इथे तो रस्ता बंद आहे. 1976 मध्ये ओकलंडच्या चार्ली फिनलीने व्हायडा ब्लू 15 लाख डॉलरला यँकीजना, आणि जो रुडी व रॉली फिंगर्स प्रत्येकी 10 लाखांना बॉस्टनला विकायचा प्रयत्न केला. बेसबॉलचे तेव्हाचे कमिशनर बोवी कून यांनी खेळाच्या हिताचं कारण देऊन तिन्ही विक्री रद्द केल्या. तेव्हापासून ताऱ्याच्या बदल्यात खेळाडूच द्यावे लागतात, रोख रक्कम जोडीला फार तर थोडी. आणि आयपीएलसारखा दर काही वर्षांनी सगळा डाव नव्याने मांडणारा मेगा लिलावही इथे नाही. चूक झाली तर ती पाच-सहा वर्षं पुरते.

"पाच-सहा प्रॉस्पेक्ट घ्या" असं लिहिणाऱ्यांनी 40 जणांच्या रोस्टरचं (संघाच्या नोंदणीकृत यादीचं) गणित करून पाहावं. स्कीन्स गेला की एकच जागा रिकामी होते. आलेल्यांपैकी चार जण आधीच 40 मध्ये असतील तर आपले तीन काढावे लागतात, आणि काढलेला खेळाडू वेव्हरवर, म्हणजे बदल्यात कोणी खेळाडू न देता, दुसरा संघ उचलू शकतो. मध्यम दर्जाचे पाच एकत्र करून एक तारा होत नाही, कारण मैदानावर जागा नऊच असतात. माझ्या मते मागणीची रचना अशी हवी: सगळ्या संघांच्या प्रॉस्पेक्टच्या क्रमवारीत पहिल्या दहांत बसणारा एक हिटर, डबल-ए (ट्रिपल-एच्या खालची पायरी) किंवा त्यावर खेळलेला. पहिल्या पन्नासांतला दुसरा, तोही हिटरच. नंतर एक पिचर आणि एक दूरचा, 19-20 वर्षांचा. पहिल्या नावावर समोरचा संघ अडला तर फोन ठेवावा. तिसरं-चौथं नाव वाढवून पहिल्याची भरपाई करून घेऊ नये, कोलच्या वेळी हेच झालं.

हिटर कसला, हेही महत्त्वाचं. पायरेट्सच्या पीएनसी पार्क या मैदानात डावीकडे मध्यभागाजवळ भिंत 410 फुटांवर जाते, तिथे उजव्या हाताच्या हिटरचे कित्येक फटके झेल होतात. उजवीकडे कोपऱ्यात 320 फूट, फक्त भिंत 21 फूट उंच. त्यामुळे डावखुरा, चेंडू ओढून उंच मारणारा हिटर इथे जास्त फळतो. यादी मागताना हे गाळणीसारखं वापरा.

आणि हे काम स्कीन्सला हात न लावता सुरूही झालंय. 2025-26 च्या हिवाळ्यात माइक बरोज हा पिचर देऊन त्रिपक्षीय सौद्यात ब्रँडन लाउ घेतला, योहान ओव्हिएडो बॉस्टनला देऊन आउटफिल्डर जोस्टिनसन गार्सिया आणला, आणि रायन ओहर्नशी दोन वर्षांचा करार केला. लाउ आणि ओहर्न दोघेही डावखुरे. दुसऱ्या-तिसऱ्या फळीतले पिचर देऊन धावा आणणं हा योग्य रस्ता आहे, कारण पायरेट्सकडे तरुण पिचर भरपूर आहेत आणि बबा चँडलर वर येऊन पोचलाय.

दीर्घ कराराची आशा मी फार धरत नाही. स्कीन्स फ्री एजंट होईल तेव्हा जेमतेम 27 वर्षांचा असेल. त्या वयाच्या पिचरला खुल्या बाजारात काय मिळेल याचा अंदाज कोलच्या 32.4 कोटींवरून करा. तो करार झाला तेव्हा कोल 29 वर्षांचा होता. 2025 अखेरपर्यंत पायरेट्सच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार ब्रायन रेनॉल्ड्सचा होता, 10.675 कोटींचा. ही दरी एका बैठकीत बुजत नाही.

म्हणून 2027 चा नोव्हेंबर. तेव्हा दोन वर्षं उरलेली असतील, दोन आर्बिट्रेशन पगार पुढे असतील, आणि या फलंदाजीचं काय झालं तेही कळलेलं असेल. संघ 85 विजयांच्या आसपास असेल तर 2028 मध्येही ठेवा आणि मिलवॉकीसारखं शेवटचं वर्ष उरल्यावर द्या. बर्न्स गेल्यावरही त्यांनी 2024 मध्ये आपली डिव्हिजन (लीगमधला पाच संघांचा गट) जिंकली आणि 2025 मध्ये 97 सामने जिंकले, कारण घरची तरुण फळी आधीच उभी होती. संघ 75 वर अडकलेला असेल तर त्याच हिवाळ्यात द्या. हंगामाच्या मध्यातल्या जुलैच्या सौद्यांची वाट पाहू नका: जुलैत शर्यतीतले दहा-बारा संघच बोली लावतात, हिवाळ्यात तिसांपैकी कोणीही फोन करू शकतो.

एक अट मात्र आधीच ध्यानात ठेवा. खेळाडू संघटनेबरोबरचा सध्याचा करार 1 डिसेंबर 2026 ला संपतो. नव्या करारात आर्बिट्रेशन किंवा फ्री एजन्सीचे नियम बदलले, तर वर केलेला वर्षांचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. त्यामुळे 2026-27 च्या हिवाळ्यात, नवे नियम हातात येण्याआधी, कोणी कितीही मोठं नाव पुढे केलं तरी सही करू नये.