'फिट' असा शिक्का आहे, पण रक्तातील शिसे तपासले का?

आपण बॅटरीच्या कारखान्यात शिशाच्या प्लेटांच्या विभागात आहात; दरवर्षी रक्तदाब, साखर, डोळे आणि छातीचा एक्स-रे झाला की 'फिट' असा शिक्का मिळतो, अहवाल मात्र हाती येत नाही, आणि एवढे पुरेसे आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नाही, कारण या तपासणीत शिशाचा कुठेच शोध घेतलेला नाही.

शिसे धूळ आणि धुरातून श्वासावाटे जाते, आणि हात न धुता डबा खाल्ला किंवा तंबाखू मळली, तर पोटातही जाते. रक्तातील त्याचे प्रमाण संपर्क थांबल्यावर साधारण महिनाभरात निम्म्यावर येते, पण बराच भाग हाडांत साठून वर्षानुवर्षे राहतो. म्हणून मागणी 'रक्तातील शिसे' याच चाचणीची करावी, आणि नमुना शिरेतून घ्यायला सांगावा. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळली, तर आकडा उगाच फुगतो. उलट, लांब सुटीवरून परतताच घेतलेला नमुना खोटा दिलासा देतो. हिमोग्लोबिन सोबत पाहावे, पण शिशामुळे ते घसरेपर्यंत थांबणे म्हणजे वरातीमागून घोडे.

एका आकड्यापेक्षा त्याचा चढ अधिक सांगतो, त्यामुळे जुने सर्व अहवाल जपून ठेवावेत. कंत्राटदार बदलला की नोंदींची साखळी तुटते, हा कंत्राटी कामगारांचा नेहमीचा अनुभव आहे. अमेरिकेच्या 1978 च्या नियमात 100 ग्रॅम रक्तात 60 मायक्रोग्रॅम शिसे आढळल्यास कामगाराला वेतन राखून त्या कामावरून हलवावे लागते. ही मर्यादा आज अनेक तज्ज्ञांना फारच सैल वाटते, आणि मलाही.

भोपाळनंतर, 1987 साली कारखाने अधिनियमात आलेल्या कलम 41-सी ने घातक प्रक्रियेतील कामगारांची तपासणी कामापूर्वी, काम चालू असताना आणि काम सुटल्यानंतरही करण्याची, तसेच नोंदी कामगारांना पाहता येतील अशा ठेवण्याची जबाबदारी भोगवटादारावर, म्हणजे कारखान्याचा ताबा असलेल्या मालकावर, टाकली. शिशाची विषबाधा आढळल्यास ती कळवण्याचे डॉक्टरांचे कर्तव्य कामगारांची सुरक्षा व आरोग्य यांविषयीच्या 2020 च्या संहितेतही आहे. तेव्हा अहवालाची प्रत लेखी अर्ज करून मागावी, अर्जावर पोच घ्यावी, आणि दाद लागली नाही, तर महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जावे. ईएसआयच्या (कामगार राज्य विमा योजनेच्या) दवाखान्यात पोटदुखी किंवा बद्धकोष्ठतेची तक्रार घेऊन गेलात, तर 'मी शिशात काम करतो' हे आधी सांगावे. सांगितले नाही, तर डॉक्टरांना ते कळणार कसे? शिशाची धूळ बसलेले कामाचे कपडे घरी नेत असाल, तर लहान मुलांचीही हीच रक्तचाचणी करून घ्यावी.