पत्रकाची दुसरी बाजू

प्रिय मुला,

सप्रेम आशीर्वाद.

गणपतीच्या आरतीनंतर हॉलच्या दाराशी तू जे बोललास, ते घरी आल्यावरही मनातून जात नाही. आजीच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेची तारीख चौदा महिने मिळालेली नाही, याचा तुला संताप आहे. आणि आपलेच आईवडील बाहेरून येऊन ब्रिटनमध्ये स्थिरावले असताना स्थलांतराविषयी तक्रार करणे हा कृतघ्नपणा ठरेल, अशी टोचणीही आहे. त्यात कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, निवडणुकीतील उमेदवाराने पत्रक लिहिण्याचे काम तुझ्यावर सोपवले आणि स्थलांतर निम्म्यावर आणण्याचे वचन त्यात हवेच, असे बजावले.

ती टोचणी आधी बाजूला ठेव. रांग खरी आहे. सरकारी आरोग्यसेवेत अठरा आठवड्यांत उपचार सुरू करण्याचे इंग्लंडमधील उद्दिष्ट 2016 पासून एकदाही गाठलेले नाही. ज्याची आजी रांगेत उभी आहे त्याने गप्प बसावे, असे मी कधीही म्हणणार नाही. माझे सांगणे एवढेच आहे की वचन लिहिशील तेव्हा त्याच्या शेजारी त्याची किंमत लिही. किंमत लिहिता येत नसेल, तर ते वचन छापू नकोस.

हे मी कुठल्या अधिकाराने सांगते, ते तुला ठाऊक नसेल. 2010 च्या निवडणुकीत मी पत्रके घेऊन दारोदार फिरले होते. येणाऱ्यांतून जाणारे वजा केल्यावर उरणारा वर्षाचा आकडा 1 लाखाच्या आत आणू, हे आमच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते डेव्हिड कॅमेरून यांचे वचन मला तोंडपाठ होते. एका दारात पन्नाशीच्या बाई भेटल्या. त्यांनी शांतपणे विचारले, "मग माझ्या आईला अंघोळ घालायला कोण येणार?" मी म्हटले, त्याची व्यवस्था होईल. ती कशी होणार, याची मला कल्पना नव्हती, आणि ती करून घ्यावी असेही त्या वेळी वाटले नाही. ते उत्तर मला आजही झोपेतून जागे करते.

युरोपीय संघातून येणाऱ्यांना तेव्हा अडवता येत नव्हते, देश सोडून जाणाऱ्यांची संख्या कोणत्याच मंत्र्याच्या हातात नव्हती, आणि परतणारे ब्रिटिश नागरिकही त्याच बेरजेत धरले जात होते. म्हणजे आकडा गाठण्याची साधने नसतानाच तो जाहीर केला गेला. पाच वर्षांनी तो 3 लाखांच्या वर होता. तरीही 2015 आणि 2017 च्या जाहीरनाम्यांत तो पुन्हा आला. 2019 मध्ये आकडा गाळून केवळ एकूण संख्या कमी करण्याचे आश्वासन उरले, आणि जून 2023 अखेरच्या वर्षात जाणारे वजा केल्यानंतरची संख्या 9 लाखांच्या पुढे गेली.

का गेली, ते नीट समजून घे, कारण तुझ्या पत्रकात हेच नसते. युक्रेन आणि हाँगकाँगहून माणसे आली, विद्यार्थी आणि त्यांची कुटुंबे आली, आणि वृद्धांच्या देखभालीच्या क्षेत्रात इंग्लंडमध्ये दीड लाखाहून अधिक जागा रिकाम्या पडल्यामुळे सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये त्या कामगारांसाठी स्वतःच दार उघडले. जागा रिकाम्या होत्या, कारण पगार कमी होता. पगार कमी होता, कारण देखभालीचा बराचसा खर्च उचलणाऱ्या कौन्सिलांची तिजोरी वर्षानुवर्षे आटत गेली होती. परिचारिकांच्या विद्यार्थिदशेतील सरकारी वृत्ती 2017 मध्ये बंद करणारेही हेच राज्यकर्ते. आपली माणसे घडवण्याचा खर्च टाळायचा, बाहेरची माणसे बोलवायची, आणि मग त्यांच्या संख्येवर मते मागायची. किंमत लिही, हा हट्ट मी म्हणूनच धरते.

आणि हे फक्त एका बाजूला लागू होत नाही. माणसे आल्याने भार पडतच नाही, असे म्हणणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. एखाद्या गावात दोन वर्षांत शेकडो मुले वाढली, तर शाळेतील जागा आणि जीपीच्या, म्हणजे परिसरातल्या डॉक्टरच्या, वेळा लगेच वाढत नाहीत, कारण सरकारी पैसा लोकसंख्येच्या अंदाजावर येतो आणि अंदाज मागे राहतो. आमची माणसे कमी मोजली जातात, अशी तक्रार लंडनजवळच्या स्लाउ गावाच्या कौन्सिलने याच कारणाने केली होती. 2009 मध्ये व्हिसाच्या शुल्कावर 50 पौंडांची भर घालून अशा गावांसाठी एक निधी उभा राहिला होता. पुढच्याच वर्षी नव्या सरकारने तो गुंडाळला. स्थलांतरितांकडून घेतला जाणारा आरोग्य अधिभार आज प्रौढांना वर्षाला 1,035 पौंड आहे, पण तो आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय तिजोरीत जातो. ज्या गावात घरे आणि शाळा अपुऱ्या पडतात, त्या गावाला त्यातून शाळेची एक खोलीही बांधता येत नाही. यावर लिही ना!

तू विचारशील, मावशी, एवढे कळले होते तर पक्षात आणखी चार वर्षे का राहिलीस? आत राहून प्रश्न विचारता येतील, असे मला वाटत होते, आणि काही बैठकांत मी ते विचारलेही. बाहेर पडले असते तर माझ्या जागी प्रश्न न विचारणारे कोणीतरी आले असते, असे मला अजूनही वाटते. तुला हे पटणार नाही. न पटो.

माझ्या यजमानांच्या शेवटच्या वर्षात त्यांना अंघोळ घालायला झिम्बाब्वेच्या हरारेहून आलेली एक मुलगी येत असे. देखभाल कामगारांना कुटुंब आणायला मार्च 2024 पासून मनाई झाली, आणि तिला व्हिसा त्यानंतर मिळाल्यामुळे कुटुंब आणता आले नाही. तिचा मुलगा तिथेच आजीपाशी आहे. जुलै 2025 पासून तर परदेशातून अशा कामगारांची नवी भरतीच बंद झाली. जाणारे वजा केल्यानंतरची संख्या जून 2025 अखेरच्या वर्षात 2 लाखांच्या आसपास उतरली. प्रतीक्षा यादीत मात्र अजून 70 लाखांहून अधिक उपचार आहेत, आणि तुझी आजी त्यांतच आहे. निम्म्याचे वचन पाळूनही तिची तारीख आलेली नसेल, तर ते वचन तू तिच्यासाठी लिहीत नाहीस, हे तरी मान्य कर.

शिवाय तुझ्या उमेदवाराच्या हाती व्हिसाचा एक कागदही नाही. त्याच्या हाती देखभालीचे दर, घरांचे वाटप आणि शाळांच्या जागा आहेत. देखभाल करणाऱ्यांना तासाला किती देणार, आणि तो पैसा कौन्सिल कराच्या कोणत्या वाढीतून किंवा कोणत्या कामाच्या कपातीतून आणणार, हे त्याला विचार.

रविवारी मसुदा घेऊन ये. पुढच्या बाजूला काय लिहिले आहेस ते मी नंतर वाचीन; आधी पत्रक उलटून बघीन.

तुझी,
मावशी