पहिल्या फेरीत हाडांमागे धावू नका

आपण ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ नुकताच सुरू केला असून प्रत्येक लपलेली वस्तू आत्ताच गोळा करण्याचा चंग बांधला आहे, हे वाचून मला माझेच सुरुवातीचे दिवस आठवले. २०१८ साली आलेल्या या गेममध्ये १४४ सिगारेट कार्डे, ३० ठिकाणी डायनासोरची हाडे आणि २० ड्रीमकॅचर (झाडांना टांगलेली जाळीदार कडी) आहेत. शिवाय काही हाडे अशा प्रदेशात आहेत की कथेच्या शेवटच्या भागापूर्वी, म्हणजे उपसंहारापूर्वी, तेथे मोकळेपणाने फिरताच येत नाही. तेव्हा ती थांबू शकतात.

थांबत नाहीत त्या गेमचा नायक आर्थर याच्या उपकथा. अनोळखी माणसे आणि कर्जवसुलीची कामे भेटतील तेव्हाच उरकून घ्या, कारण कथा पुढे सरकली की त्यांतील काही कायमची हातची जातात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- हाड सापडले की काम झाले असे समजणे. आर्थर जागा फक्त टिपून ठेवतो. ती माहिती टपालाने पाठवावी लागते. मी स्वतः कितीतरी दिवस टपाल कार्यालयावरून नुसताच घोडा दामटत होतो.
- कार्डांसाठी रानोमाळ भटकणे. दुकानातील प्रीमियम सिगारेटच्या पाकिटातही कार्ड निघते, मात्र तेच ते पुन्हा येण्याची तयारी ठेवा.
- एकाच सेव्हवर, म्हणजे खेळाच्या एकाच साठवलेल्या नोंदीवर, भिस्त ठेवणे. सोलापुरात मे महिन्याच्या भर दुपारी वीज गेली आणि ऑटोसेव्ह बंद ठेवल्यामुळे माझी तीन तासांची भटकंती पाण्यात गेली. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी वेगळा सेव्ह करा.

सोन्याच्या विटांचे नकाशे पहिली दोन प्रकरणे झाल्यावर विचारा, तेव्हा सविस्तर सांगेन.