चौथीच्या वर्गात ‘इस्लाममधील बांधिलकी’ : एका दिवसात कसे बसवावे

ताई, तुमचा प्रश्न असा : चौथीचा वर्ग, ३६ मुले, शाळा सकाळी ८ ते १२.३०, आणि ‘इस्लाममधील बांधिलकी’ हा घटक एका दिवसात घ्यायचा आहे. पाच स्तंभांचा तक्ता तयार आहे आणि तो शेवटच्या तासिकेला समजावून सांगायचा तुमचा विचार आहे. तक्ता असू द्या, पण एवढ्याने भागणार नाही. मुले शहादा (श्रद्धेची ग्वाही), नमाज, जकात (नेमाने द्यायचे दान), रोजा (रमजान महिन्यातला पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा उपवास), हज (मक्केची यात्रा) ही पाच नावे पाठ करतील आणि बांधिलकी म्हणजे काय, ते कळायचे राहून जाईल. ती दिसते घड्याळात, दिनदर्शिकेत आणि हिशेबात. म्हणून विषय आधी गणित आणि परिसर अभ्यासाच्या तासाला येऊ द्या. मूल्यशिक्षणाच्या तासिकेला मग नुसते बोलायचे उरेल.

परिपाठात दहा मिनिटे शब्दाला द्या. ‘बांधिलकी’ नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडी नसते, ‘नेम’ असतो. कुणाची आजी एकादशी धरते, कुणाचे काका दरवर्षी पालखीबरोबर दिवे घाट चढून सासवडपर्यंत चालतात. घरातला एक नेम प्रत्येकाला सांगू द्या. मग सांगा की मुस्लिम घरांत रोज न चुकता नमाज पढणाऱ्याला ‘नमाजाचा पाबंद’ म्हणतात. हा शब्द फळ्यावर फोडून लिहा : पा म्हणजे पाय, बंद म्हणजे बांधलेला. ही पायरी गाळू नका, कारण मराठीत ‘पाबंदी’ म्हणजे मनाई, आणि मुले सरळ उलटा अर्थ लावतात. बांधिलकी आणि पाबंद, दोन्हींत बांधणे आहे हे कुणीतरी आपणहून म्हणेल. तुम्ही घाई करू नका.

गणिताला घड्याळ घ्या. फज्र, जुहर, असर, मगरिब, इशा या पाच नमाजांच्या वेळा सूर्यावर ठरतात : फज्र पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत, जुहर सूर्य माथ्यावरून ढळल्यावर, असर दुपार उतरल्यावर, मगरिब सूर्यास्तानंतर लगेच, इशा संधिप्रकाश पूर्ण गेल्यावर. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘५, १, ५, ७, ८’ असे ठोकळ आकडे लिहून देणे. मशिदीच्या फलकावर असते ती बहुधा जमातीची, म्हणजे सगळ्यांनी मिळून पढण्याची वेळ. नमाजाचा अवधी त्याहून मोठा असतो. मुलांना दोन तारखा द्या. पुण्यात २१ जूनला सूर्यास्त सव्वासातच्या आसपास, २१ डिसेंबरला सहा वाजून गेल्यावर लगेच. मगरिब किती मिनिटांनी सरकली? वजाबाकी करता करता मुलांना कळते की नेम पाळणाऱ्याला रोज आभाळाकडे लक्ष ठेवावे लागते.

जकातीसाठी प्रत्येक गटाला ४० चिंचोके द्या आणि एक बाजूला काढायला सांगा. मग ८०, १२०, ४०० रुपये. अडीच टक्के हा शब्द चौथीला नको, ‘चाळिसांत एक’ पुरे. पण दोन गोष्टी स्पष्ट हव्यात. जकात कमाईवर नसून वर्षभर साठून राहिलेल्या मालमत्तेवर असते, आणि ठराविक मर्यादेखाली ज्याच्याकडे आहे त्याला ती लागूच नाही. ही मर्यादा आपल्याकडे साडेबावन्न तोळे चांदी किंवा साडेसात तोळे सोने अशी सांगतात. हे सुटले की गरीब घरातले मूल ‘आमचे चुकते का?’ असे मनात धरून बसते. मर्जीने, कितीही, केव्हाही द्यायचा तो सदका. तोही याच तासाला सांगा.

परिसर अभ्यासाचा तास या दिवसातला सर्वांत कसदार तास आहे, तो ४० मिनिटांचा करा. नमाज जिकडे तोंड करून पढतात ती मक्केची दिशा होकायंत्र घेऊन काढा : पुण्यातून पश्चिमेला, उत्तरेकडे साधारण ११ अंश झुकून. मग चंद्र. इस्लामी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, म्हणून रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. आपले महिनेही चंद्राचेच, मग दिवाळी पावसाळ्यात का येत नाही? हा प्रश्न मुलांवर सोडा आणि अधिक महिना आलेल्या एखाद्या वर्षाच्या दिनदर्शिकेत तो महिना शोधायला लावा. उत्तर तिथे आहे. इस्लामी गणनेत अधिक महिना नाही. म्हणून रोजा कधी १४ तासांहून जास्त, कधी १२ तासांच्या थोडा वर, असा दोन्ही तऱ्हेने धरावा लागतो.

डब्याच्या सुट्टीनंतर मूल्यशिक्षण. इथे नीयत घ्या : नमाज असो वा रोजा, आधी मनात ठरवणे. नंतर सवलती सांगा. लहान मुलांवर रोजा बंधनकारक नाही. आजारी आणि प्रवासी माणसाला तो पुढे ढकलून नंतर भरून काढता येतो. हज आयुष्यात एकदाच बंधनकारक, तीही अंगात ताकद आणि गाठीला पैसा असेल तर. मग विचारा : सवलत घेतलेल्या माणसाचा नेम मोडला का? यावर मुले मनापासून भांडतात, पंधरा मिनिटे त्यासाठी राखून ठेवा.

आता काय टाळायचे. नमाजाचा अभिनय करून घेऊ नका. शहादा वर्गाकडून एका सुरात म्हणवून घेऊ नका. ती श्रद्धेची ग्वाही आहे, अर्थ मराठीत सांगितला की पुरे. राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत मुलाला अशा शिक्षणात वा उपासनेत सामील करायला पालकांची संमती लागते. धर्मांविषयी माहिती देणे वेगळे, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात मान्य केला आहे. तुमचा पाठ त्या बाजूलाच राहायला हवा. पालकांना आठवडाभर आधी चार ओळींची चिठ्ठी पाठवा. कलेच्या तासाला पैगंबरांचे चित्र कधीच नको. भौमितिक जाळी काढा, कंपासने वर्तुळ आणि त्यात सहा पाकळ्या. कुराणाची प्रत आणणार असाल तर हात धुऊन, रेहलवर, म्हणजे ग्रंथ ठेवायच्या लाकडी घडवंचीवर ठेवा, जमिनीवर नको.

आणि वर्गातल्या मुस्लिम मुलांना ‘तू सांग’ म्हणून उभे करू नका. एखाद्याच्या घरी नमाज रोज होत नसेल, आणि ते त्याला सगळ्यांसमोर कबूल करावे लागेल. स्वतःहून बोलले तर जरूर ऐका. पाहुणे बोलवायचे असतील तर शुक्रवार टाळा, दुपारच्या जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारच्या सामूहिक नमाजाची त्यांची गडबड असते.

शेवटची २० मिनिटे लिखाणाला. ‘इस्लामचे पाच स्तंभ लिहा’ असे देऊ नका. द्या : ‘नमाजाचा पाबंद असलेल्या माणसाचा डिसेंबरातला एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत.’ वही तपासताना पाच नावांना दोन गुण, वेळांचा क्रम आणि कारण यांना आठ.